तीस कानांचा पासंग

बचत गटाची बैठक आटोपून, चुलीवरची भाकर उतरवून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आज एक गोष्ट सांगते. ती आहे आकाशाची, पण सुरू होते तराजूपासून.

आपल्या नंदुरबारच्या बाजारात मिरची विकायला नेलेली बाई आधी काय बघते? रिकाम्या तराजूची दोन्ही पारडी सारखी आहेत का ते. नसली तर म्हणते, "भाऊ, आधी पासंग काढा." पासंग काढल्याशिवाय मोजलं, तर माल कितीही चांगला असो, हिशेब खोटाच येतो.

हेच काम पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाजवळ फार मोठ्या प्रमाणावर चालतं. नारायणगावाहून तिकडे गेलं की शेतांच्या मधे जाळीच्या मोठमोठ्या थाळ्या दिसतात. एकेक थाळी 45 मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ दीडशे फूट. अशा 30 थाळ्या. त्यातल्या 14 जवळजवळ आहेत, बाकीच्या 16 तीन दिशांना पसरल्या आहेत, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात. ही जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण. ती डोळ्यांनी बघत नाही, कानांनी ऐकते. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते.

ती उभी करणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. गोविंद स्वरूप. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते 1963 साली परदेशातून परत आले. ऑस्ट्रेलियाने दिलेल्या 32 छोट्या थाळ्या, जेमतेम सहा फुटी, त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 1965 साली कल्याणजवळ बसवल्या. तिथून सुरुवात. मग तमिळनाडूत उटीला मोठी दुर्बीण झाली आणि नव्वदच्या दशकात खोडदची. पैसा बेताचा होता. म्हणून भरीव पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांची जाळी ताणून थाळ्या केल्या. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. गरिबाघरची बाई जशी आहे त्यात भागवते आणि तरी नेटकं करते, तसंच हे. 2001 साली ही दुर्बीण देशाला अर्पण झाली.

आता खरी अडचण ऐका. तीस थाळ्या म्हणजे तीस कान. एकच लहर एका कानाला आधी पोचते, दुसऱ्याला किंचित उशिरा. कुणाची तार लांब, कुणाची आखूड. उन्हाने, थंडीने यंत्रं थोडी बदलतात. सगळ्यांचं ऐकलेलं तसंच एकत्र केलं तर नुसता गोंगाट होईल. टाळ वाजवणाऱ्या तीस बायांपैकी प्रत्येकीचा ठेका वेगळा पडला तर भजनाचं काय होईल?

म्हणून आधी सगळ्या थाळ्या आकाशातल्या एका ओळखीच्या ठिकाणाकडे वळवतात. तिथून येणाऱ्या लहरी ठळक असतात आणि त्या ठिकाणाची जागा अगदी पक्की ठाऊक असते. मग कोणती थाळी किती मागे, कोणती किती पुढे, हे कळतं. तेवढी दुरुस्ती हिशेबात धरायची. हाच तीस कानांचा पासंग. तो एकदा काढून भागत नाही, पुन्हा पुन्हा काढावा लागतो.

या तयारीची परीक्षा 19 ऑक्टोबर 2016 ला झाली. युरोपचं स्कियापरेल्ली नावाचं यान त्या दिवशी मंगळावर उतरणार होतं. त्याचा आवाज फार क्षीण. तो मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता, पृथ्वीसाठी नव्हे. कोट्यवधी किलोमीटरवरून तो इथे पोचायला जवळजवळ दहा मिनिटं लागत होती. तरी खोडदच्या थाळ्यांनी तो पकडला. यष्टी जवळ येताना हॉर्न चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो ना? तसाच यानाचा सूर बदलत होता. त्यावरून त्याचा वेग कसा कमी होतोय, हे इथे बसून कळत होतं.

आणि उतरण्याच्या वेळेच्या सुमारे 50 सेकंद आधी आवाज थांबला.

यान कोसळलं होतं. पुढे चौकशी झाली आणि कारण कळलं. यानाचा डोल मोजणारं एक यंत्र हत्तीछत्री उघडल्यावरच्या झोक्यांनी जेमतेम सेकंदभर गोंधळलं. उंची मोजणारं दुसरं यंत्र ठीक होतं. पण संगणकाने दोघांचा हिशेब एकत्र केला आणि उत्तर आलं, आपण जमिनीच्याही खाली आहोत! मग त्याने हत्तीछत्री सोडून दिली. वेग रोखणारी इंजिनं तीनच सेकंद चालवून बंद केली. यान तेव्हा जमिनीपासून 3.7 किलोमीटर उंच होतं.

बघा, यंत्रं अनेक असली म्हणून खरं कळतंच असं नाही. एकाच्या खोट्या मापाने दुसऱ्याचं खरं मापही बुडतं.

आता मंगळावरून आपल्या अंगणवाडीत येऊ. तिथेही आपण एका बदलत्या गोष्टीचा माग काढतो, आपल्या लेकराच्या वाढीचा. या महिन्यात एका काट्यावर वजन, पुढच्या महिन्यात आरोग्य केंद्रातल्या दुसऱ्या काट्यावर. दुसरा काटा अर्धा किलो जास्त दाखवत असेल, तर खंगत चाललेलं मूलही तक्त्यावर वाढताना दिसतं. आपल्या सातपुड्यात कुपोषणाने लेकरं गमावलेल्या आया आहेत. त्यांना अर्धा किलो म्हणजे काय ते सांगायला नको.

म्हणून एवढं करा. वजनाआधी रिकामा काटा शून्यावर आहे का, ते बघा. शिक्का मारलेलं दोन किंवा पाच किलोचं वजन ठेवून तो बरोबर दाखवतो का, ते तपासा. दोन काटे असतील तर तेच वजन दोन्हींवर ठेवा. फरक दिसला तर वहीत लिहा आणि काटा दुरुस्त करायला सांगा. जमेल तोवर एका लेकराला एकाच काट्यावर, सारख्याच कपड्यांत तोला.

विचारायला लाजू नका, ताई. बाजारात मिरचीसाठी आपण पासंग काढायला लावतो. लेकरासाठी तर लावायलाच हवा.