गोबर गॅस : जुन्या टाकीचे नवे गणित

निफाड तालुक्यातल्या ओझरसारख्या गावात गोबर गॅस म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. प्रश्न वेगळाच आहे. परसातल्या टाक्या बंद का पडतात आणि बायोगॅसची पुन्हा चर्चा का होतेय?

गॅस तयार कसा होतो?

शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून हवाबंद टाकीत सोडतात. जिवाणू ते कुजवतात आणि बायोगॅस तयार होतो. त्यात साधारण 55 ते 65 टक्के मिथेन असतो. एक घनमीटर गॅसला सुमारे 25 किलो ताजे शेण लागते. चार-पाच माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटर गॅस, म्हणजे रोज 50 किलो शेण. त्यासाठी दावणीला चार-पाच जनावरे हवीत.

सुरुवात कुठे झाली?

मुंबईत. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात 1897 मध्ये मैल्यापासून निघालेला गॅस दिव्यांसाठी वापरला गेला. पुढे 1951 मध्ये जशभाई पटेल यांनी 'ग्रामलक्ष्मी' हे तरंगत्या ड्रमचे संयंत्र बनवले. खादी आयोगाने ते गावोगावी नेले. 1981-82 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 1984 मध्ये विटांच्या घुमटाचे स्वस्त 'दीनबंधू' मॉडेल आले. देहूत डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या बायोगॅसचा प्रसार केला.

मग अडले कुठे?

ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. शेण रोज कालवावे लागते आणि हे काम बहुतेकदा बाईच्याच वाट्याला येते. लोखंडी ड्रम गंजतो. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत जिवाणू मंदावतात आणि गॅस घटतो. त्यात सिलिंडर घरोघरी पोहोचला.

पुढे काय?

आता भर मोठ्या प्रकल्पांवर आहे. गॅस शुद्ध करून, दाबाखाली भरून तो वाहनांसाठी विकायचा. 2018 च्या 'सतत' योजनेत 2023 पर्यंत 5000 प्रकल्पांचे उद्दिष्ट होते. देश त्याच्या जवळपासही पोहोचला नाही. सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये बायोगॅस मिसळण्याचे बंधन 2025-26 मध्ये 1 टक्का, तर 2028-29 मध्ये 5 टक्के असे ठरले आहे. नाशिक महापालिकेने जर्मन संस्था जीआयझेडच्या मदतीने हॉटेलातले ओले खरकटे आणि शौचालयांचा मैला यांपासून वीजनिर्मितीचा प्रकल्प उभारला.

शेतकऱ्याने काय पाहावे?

अनुदानाआधी जनावरे मोजा. दोनच गुरे असतील तर टाकी उपाशी राहील. पुरेशी असतील, तर गॅससोबत मिळणारी स्लरी हाही मोठा फायदा आहे. कुजलेले हे शेण थेट शेताला देता येते आणि रासायनिक खताचा खर्च कमी होऊ शकतो.