तराई : नानासाहेब पेशवे जिथे दिसेनासे झाले

१/ १८५८च्या डिसेंबरअखेरीस नानासाहेब पेशवे, बेगम हजरत महल आणि त्यांच्यासोबतचे हजारो सैनिक राप्तीपलीकडे नेपाळच्या हद्दीत गेले. आपल्या पुस्तकांत या प्रसंगाला बहुधा एकच वाक्य लाभते : ‘नानासाहेब नेपाळच्या जंगलात निघून गेले.’ ते जंगल कसले होते हे जाणल्याखेरीज पुढचे काहीच उमगत नाही. म्हणून आजचा धागा भूगोलापासून.

२/ हिमालयातल्या नद्या शिवालिकच्या टेकड्या ओलांडून मैदानात येतात तेव्हा उतार एकाएकी कमी होतो. पाण्याचा जोर ओसरतो आणि वाहून आणलेले धोंडे-गोटे तिथेच पडतात. हजारो वर्षे साचलेल्या या गोट्यांचा पट्टा म्हणजे भाबर. रुंदी साधारण ८ ते १६ किलोमीटर. यात लहान ओढे चक्क जिरून जातात. पावसाळा सरला की मागे उरते पांढऱ्या दगडांचे कोरडे पात्र. विहीर खणावी, तर पाणी फार खोल. आजचे हल्द्वानी शहर याच पट्ट्यात वसले आहे.

३/ जिरलेले पाणी मात्र नाहीसे होत नाही. दक्षिणेला माती बारीक आणि चिकण होते, तिथे ते झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येते. दलदल, पाणथळी, हत्ती दडेल एवढे उंच गवत आणि सालाची घनदाट अरण्ये. ही तराई. डोंगर एकच, पण त्याच्या पायथ्याशी तहानलेला पट्टा आणि चिंब पट्टा असे एकमेकांना लागून.

४/ जिथे पाणी साचते तिथे डास. तराईतल्या हिवतापाला नेपाळीत ‘औल’ म्हणत. पहाडी लोक हिवाळ्यात गुरे घेऊन खाली उतरत आणि उन्हे तापू लागली की वर परतत. काठमांडूच्या राज्यकर्त्यांनी हे अरण्य, ‘चार कोसे झाडी’, मुद्दामच राखले. दगडी तटापेक्षा स्वस्त आणि अधिक भरवशाचा तट! इंग्रजांनाही हे ठाऊक होते : १८१६ साली ऑक्टरलोनी मकवानपूरवर चालून गेला तो फेब्रुवारीत.

५/ या भूमीत बारमाही राहत ते थारू. त्यांना औल बाधत नाही, हा बाहेरच्यांचा समज कित्येक पिढ्यांचा. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की शेजारी राहणाऱ्या इतर लोकांच्या तुलनेत थारूंमध्ये हिवतापाचे प्रमाण सुमारे सातपटीने कमी आहे. त्यांच्या रक्तातील अल्फा थॅलसेमिया या आनुवंशिक गुणाशी त्याचा संबंध जोडला गेला.

६/ आता पुन्हा १८५९कडे येऊ. नानासाहेबांची माणसे उतरली ती थंडीत, म्हणजे निर्धोक ऋतूत. पण दक्षिणेला इंग्रजांची फौज आणि उत्तरेला जंगबहादूर राणा, जो आदल्याच वर्षी इंग्रजांच्या मदतीला लखनौवर चालून गेला होता. मध्ये ही चिंचोळी पट्टी. उन्हाळा आला, पाऊस आला आणि सैन्याला हलायला जागा नव्हती. वर्ष सरता सरता जंगबहादूरची फौज उरलेल्यांना हुसकायला खाली आली. तोवर अर्धे काम तापाने उरकले होते.

७/ सह्याद्रीच्या पायथ्याशी, कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेले नानासाहेब सप्टेंबर १८५९मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी तापाने वारले, अशी बातमी इंग्रजांना मिळाली. देह मात्र त्यांच्या हाती लागला नाही. १८७४ साली ग्वाल्हेरात एकाला नानासाहेब समजून पकडले, तो भलताच निघाला. नंतरच्या आख्यायिका कितीही मोहक असोत, त्या वर्षीची तराई पाहता मला तापाचीच बातमी खरी वाटते. बेगमेला काठमांडूत आश्रय मिळाला आणि १८७९ साली तिथेच तिचे निधन झाले.

८/ जंगबहादूरला बक्षीस काय मिळाले? तराईच! १८१६ला सुगौलीच्या तहाने गेलेला पश्चिम भाग, म्हणजे बांके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर, १८६०मध्ये नेपाळला परत मिळाला. त्याला ‘नया मुलुक’ म्हणतात.

९/ औलाचा तट कोसळला तो १९५०नंतर, डीडीटीच्या फवाऱ्याने. जंगल तुटले, डोंगरातून वसाहती उतरल्या. कागदपत्रे बाळगण्याची सवय नसलेल्या थारूंच्या जमिनी इतरांच्या नावे झाल्या आणि पश्चिम तराईत त्यांच्यातील अनेक जण त्याच शेतांवर ‘कमैया’ म्हणून, कर्जापोटी पिढ्यानपिढ्या राबू लागले. नेपाळ सरकारने ही वेठबिगारी संपवल्याची घोषणा केली ती जुलै २०००मध्ये. जिथे ती सर्वाधिक होती ते जिल्हे म्हणजे नया मुलुकाचे तेच चार आणि त्यांच्या शेजारचा दांग.