मेदयुक्त यकृत (मद्येतर) : रक्तातील मेद

मद्यपान हे कारण नसताना यकृताच्या पेशींत मेद साठण्याचा विकार. ऊतकपरीक्षेत पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेद आढळल्यास निदान पक्के धरतात. ‘मद्येतर’ ठरवण्यासाठी रोजच्या मद्यार्काची मर्यादा पुरुषांना ३० व स्त्रियांना २० ग्रॅम मानली गेली. दाहयुक्त प्रकाराचे नामकरण मेयो क्लिनिकमधील युर्गेन लुडविग यांनी १९८० मध्ये केले. २०२३ मध्ये चयापचयाच्या बिघाडावर बेतलेले नवे नाव आले. सोनोग्राफीच्या रिपोर्टावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’च चालू आहे.

रक्तमेदाचे स्वरूप : ट्रायग्लिसराइड १५० मिग्रॅ./डेलि. किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० च्या खाली, ही जोडी नेहमीची. एलडीएलचा आकडा पुष्कळदा बेताचाच असतो, पण त्याचे कण लहान व घट्ट, म्हणून रक्तवाहिन्यांना जास्त घातक. एकूण कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत आहे एवढ्यावर रुग्णाला निर्धास्त करून घरी पाठवणे चूक होय.

कारणे : इन्शुलिनला दाद न देणाऱ्या चरबीच्या पेशींतून मेदाम्ले सुटून यकृताकडे येतात. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यकृतातील मेदापैकी ५९ टक्के याच वाटेने, २६ टक्के पिष्ट-साखरेपासून यकृतातच तयार झालेला आणि १५ टक्के आहारातून आलेला आढळला. यकृत हा भार व्हीएलडीएल कणांत भरून रक्तात सोडते. या कणांतील ट्रायग्लिसराइड एचडीएल व एलडीएलमध्ये शिरते. त्यामुळे एचडीएल लवकर नष्ट होते व एलडीएलचे कण आक्रसतात. टीएम६एसएफ२ जनुकाच्या एका प्रकारात कणांची ही रवानगीच अडते : यकृतात मेद जास्त, रक्तात कमी. सिरोसिसमध्येही आकडे उतरतात. ती सुधारणा नव्हे.

चाचणी : लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल पुष्कळदा मोजलेले नसते, फ्रीडवॉल्ड सूत्राने (१९७२) काढलेले असते. एकूण १९०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड २५० असल्यास व्हीएलडीएल २५०/५ म्हणजे ५० आणि एलडीएल १०५. रिपोर्टावर कोलेस्टेरॉलपुढे ताऱ्याची खूण नाही, रुग्ण खूश. पण एचडीएल वगळता उरलेले कोलेस्टेरॉल १५५ आहे आणि लक्ष तिथे हवे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेले की सूत्र कामाचे राहत नाही. असा नमुना सेंट्रिफ्यूजमधून काढला की वरचे सीरम पिवळसर पारदर्शक न दिसता ताकासारखे गढूळ दिसते. यंत्राच्या आधी तंत्रज्ञाला कळते. पहिली तपासणी उपाशीपोटी असावीच का, यावर एकमत नाही. ट्रायग्लिसराइड वाढलेले निघाल्यास मात्र बारा तासांनंतरचा नमुना घेतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन दिलेला नमुना उपाशीपोटीचा धरता येत नाही, हे पंढरपूरच्या जिल्ह्यात वेगळे सांगावे लागते. सोनोग्राफीला यकृतातील २० ते ३० टक्क्यांखालचा मेद सहसा दिसत नाही.

सडपातळ व्यक्ती : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली : दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातील मेद मात्र याज्ञिकांचा २१.२ व युडकिनांचा ९.१ टक्के. यंत्रमागावर उभ्याने पाळी करणारा किडकिडीत कामगार या विकारातून आपोआप सुटत नाही, तो यामुळेच. आशियाई लोकांसाठी बीएमआय २३, कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंमी. ही सीमा धरतात.

आहार : सोलापुरात फॅटी लिव्हर निघाले की आधी शेंगाचटणी बंद होते. शेंगदाण्याचे तेल बहुतांशी असंतृप्त आहे. कडक ज्वारीच्या भाकरीबरोबरची चमचाभर चटणी हा मुख्य आरोपी नव्हे. साखरेचा चहा, बेकरीचे पदार्थ व शीतपेये आधी तपासावीत.

उपचार : वजनात ७ ते १० टक्के घट. स्टॅटिन औषधे यकृताच्या भीतीने टाळली जातात. या विकारात ती सुरक्षित मानतात, मात्र बळावलेल्या सिरोसिसमध्ये जपून. रेझमेटिरोम या औषधाला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली; त्याने एलडीएलही उतरते.

शासकीय कार्यक्रम : असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फेब्रुवारी २०२१ मध्ये समावेश.

मुलांमधील विकार : पहा – स्थूलता.