विमानविद्या आणि सरकारी तिजोरी

विमानाच्या शोधाची गोष्ट वर्गात सांगताना आपण राईट बंधूंच्या सायकलच्या दुकानापासून सुरुवात करतो. त्याच सुमारास अमेरिकी सरकारच्या पैशावर बांधले गेलेले दुसरे एक विमान मात्र बहुधा वगळले जाते.

ते सॅम्युअल लँग्ली यांचे. लँग्ली हे नाणावलेले खगोलशास्त्रज्ञ आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव. १८९६ मध्ये त्यांचे वाफेवर चालणारे, माणूस नसलेले प्रारूप सुमारे एक किलोमीटर उडाले. त्यानंतर १८९८ मध्ये युद्धखात्याने त्यांना माणूस वाहून नेणाऱ्या विमानासाठी ५०,००० डॉलर दिले. इंजिन उत्तम झाले, ५२ अश्वशक्तीचे. राईट बंधूंचे जेमतेम १२ अश्वशक्तीचे होते. पण हवेत विमान सावरायचे कसे, हा प्रश्न इंजिनाने सुटत नाही. ७ ऑक्टोबर व ८ डिसेंबर १९०३ रोजी तरत्या नौकेच्या छपरावरून सोडलेले ते विमान दोन्ही वेळा पोटोमॅक नदीत कोसळले. नवव्या दिवशी राईट बंधू उडाले. त्यांचा खर्च हजार डॉलरच्या आत होता.

यावरून 'सरकारी पैसा पाण्यात गेला' असे म्हणण्याचा मोह होतो (इथे तर तो अक्षरशः गेला!). आम्हाला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. १८९९ मध्ये विल्बर राईट यांनी उड्डाणविषयक साहित्यासाठी पत्र लिहिले ते स्मिथसोनियनलाच. तेथून पुस्तिका आणि ग्रंथांची यादी टपालाने आली. पुढे हवेच्या दाबाचा जुना गुणांक चुकीचा असावा अशी शंका राईट बंधूंना आली, तेव्हा लँग्ली यांची आणि सरकारी हवामान खात्याची मोजमापे त्यांच्याच बाजूची निघाली.

खरे नुकसान नंतर झाले. लँग्लींच्या फजितीवर टीकेची झोड उठली आणि युद्धखाते पोळले. १९०५ मध्ये राईट बंधूंनी आपले यंत्र देऊ केले, तर प्रयोगांना पैसे मिळणार नाहीत असे ठरीव साच्याचे उत्तर आले. करार व्हायला १९०८ साल उजाडले. तोवर अमेरिकेची आघाडी निसटू लागली होती.

१९१५ मध्ये विमानविद्येसाठी राष्ट्रीय सल्लागार समिती नेमली गेली. पहिल्या वर्षाची तरतूद अवघी ५,००० डॉलर. व्हर्जिनियात उभारलेल्या तिच्या प्रयोगशाळेला लँग्लींचेच नाव मिळाले. तेथे विकण्यासाठी विमाने बनत नव्हती, मोजमापे होत होती. त्या काळच्या अनेक इंजिनांची सिलिंडरे चाकाच्या आऱ्यांसारखी मांडलेली आणि गार राहण्यासाठी उघडी असत. उघडी ठेवावीत तर हवेचा रोध वाढतो, झाकावीत तर इंजिन तापते. १९२७ पासून तेथील सहा मीटर व्यासाच्या वायुबोगद्यात, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या प्रचंड नळीत, खरे इंजिन आणि पंखा बसवून चाचण्या घेता येऊ लागल्या. फ्रेड वाइक आणि सहकाऱ्यांनी पत्र्याची निरनिराळी आवरणे तपासली. हवा पुढून आत घेऊन सिलिंडरांच्या तप्त भागांलगत वळवली व मागच्या अरुंद फटीतून सोडली, तर इंजिन गार राहते आणि रोधही पुष्कळ घटतो, असे आढळले. एका लढाऊ जातीच्या विमानाचा वेग ताशी १९० किलोमीटरवरून २२० वर गेला.

हे निष्कर्ष १९२८ मध्ये छापून प्रसिद्ध झाले; ज्या कारखान्याला हवे त्याने वापरावेत. फेब्रुवारी १९२९ मध्ये असेच आवरण बसवलेले लॉकहीड कंपनीचे विमान लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला १८ तास १३ मिनिटांत पोचले.