पेशींतील चिठ्ठी आणि तिची नक्कल

त्वचेवर जांभळट गाठी उठणाऱ्या एका रोगाचें वर्णन व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनीं १८७२ सालीं केलें. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी बेताल वाढून हा कर्करोग होतो. पण त्यांना चिथावतो कोण, हें कळावयास १९९४ साल उजाडलें. युआन चांग व पॅट्रिक मूर या दांपत्याला त्या गाठींत एक नवा विषाणु सांपडला.

त्याच्या आदल्याच वर्षीं अँब्रोस व रुव्हकुन यांनीं मिलिमीटरभर कृमींत एक इवलासा आरएनए दाखविला होता. अवघीं २२ अक्षरें! प्रथिन घडविण्याचा हुकूम घेऊन जो निरोप्या निघतो, त्याला ही चिठ्ठी चिकटते आणि हुकूम रद्द होतो. कृमीची लहर म्हणून विद्वानांनीं तिकडे कानाडोळा केला. तिला नोबेल पारितोषिक मिळालें तें २०२४ सालीं.

कापोसीच्या विषाणूजवळहि अशा चिठ्ठ्या आहेत, हें २००५ सालीं उघड झालें. दोन वर्षांनीं कळलें कीं, त्यांतील एकीचीं आरंभींचीं ८ अक्षरें माणसाच्या स्वतःच्या मायक्रो-आरएनए १५५ चींच आहेत. वडिलांच्या अक्षरांत रजेची चिठ्ठी आणणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले; हा त्यांचा गुरु! रक्तवाहिन्यांच्या वाढीला आळा घालणाऱ्या थ्रॉम्बोस्पॉन्डिनचा हुकूमहि या चिठ्ठ्या दाबतात.

विषाणूचें प्रथिन दिसलें तर शरीराचे रक्षक तें ओळखतात. चिठ्ठी त्यांना दिसत नाहीं. म्हणून विषाणु सुप्त असतांना त्याचें बहुतेक कामकाज बंद असतें, चिठ्ठ्या मात्र लिहिल्या जात असतात.