पावतीवरची तारीख

मुंबईत भाड्याच्या खोलीचा किंवा गाळ्याचा दावा लढवायचा, तर पाच तारखा पाठ असाव्या लागतात: १ सप्टेंबर १९४०, २१ मे १९५९, १ फेब्रुवारी १९७३, १३ जून १९९६ आणि ३१ मार्च २०००. धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात मी उभी राहू लागले, तेव्हा यांतल्या शेवटच्या दोन अजून यायच्या होत्या. माझ्या सीनियर बाई नव्या अशिलाची हकीकत ऐकून घेण्याआधीच विचारायच्या, "पावती कुठल्या सालची?" मला ते तुसडेपणाचं वाटे. पुढे कळलं की निम्मा निकाल त्या उत्तरातच असतो.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ साली मुंबईत भाड्यावर लगाम घालणारा कायदा आला आणि काही वर्षांनी संपला. दुसऱ्या युद्धात १९३९ आणि १९४४ साली तसेच कायदे झाले. मग आला १९४७चा कायदा, १३ फेब्रुवारी १९४८पासून लागू झालेला. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं तेच तिचं प्रमाण भाडं, असं त्याने ठरवलं. जागा त्यानंतर पहिल्यांदा दिली असेल, तर तेव्हाचं पहिलं भाडं. कोर्टात याला सगळे 'स्टँडर्ड रेंट'च म्हणतात. कायदा होता ठरावीक मुदतीचा, पण मुदत सरत आली की सरकार ती वाढवी.

भाडं गोठलं, शहर मात्र वाढत राहिलं. जागेची खरी किंमत भाड्यातून दिसेनाशी झाली आणि पावतीत जाऊन बसली. जुना भाडेकरू जाताना नव्याकडून रोख रक्कम घेई, तिच्यातला वाटा, बहुधा एक तृतीयांश, घरमालकाला देई आणि मालक नव्याच्या नावाने पावती फाडी. हीच पागडी. १९४७च्या कायद्याने ती घेणं मालकालाही गुन्हा ठरवलं होतं आणि भाडेकरूलाही. तरी गिरगावातल्या खोल्या आणि काळबादेवीचे गाळे याच वाटेने हातोहात फिरले. कागदावर ती रक्कम कधी 'फर्निचरची किंमत' होई, तर दुकान असेल तर 'गुडविल'. माझ्या वडिलांनी शिवणकामासाठी गाळा घेतला, त्याच्या करारात दोन जुनी मशिनं आणि एक कापायचं टेबल विकल्याचं लिहिलं आहे. त्या पैशांत तशा टेबलांनी सगळी गल्ली भरली असती.

दुसरी बाजूही मी घरातच पाहिली. मावशीच्या सासरची ठाकूरद्वारला दुमजली इमारत होती. सगळ्या खोल्यांचं मिळून येणारं भाडं जिन्याच्या दुरुस्तीलाही पुरत नसे. भाडेकरू मावशीला घरमालकीणबाई म्हणत आणि ती स्वतः रेशनच्या रांगेत उभी असे. भाडं थकलं तर जागा खाली करून मागता येते, म्हणून काही मालक भाडं घ्यायचंच नाकारत. मग भाडेकरू मनीऑर्डर करत आणि परत आलेल्या मनीऑर्डरींचे कागद जपून ठेवत. असे पिवळे पडलेले गठ्ठे मी कोर्टात हजर केले आहेत.

रिवाज कायद्याच्या पुढे धावू लागला, की सरकार एक तारीख ठरवी आणि तोवरचं सगळं पदरात घेई. पोटभाडेकरू ठेवायला बंदी होती, तरी ते घरोघर होते. १९५९च्या वटहुकुमाने २१ मेपर्यंत आत आलेल्यांना संरक्षण मिळालं. मग मालकांनी आणि भाडेकरूंनी 'भाडं' हा शब्दच टाकला आणि लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे नुसत्या वापर-परवानगीचे, करार सुरू केले. त्यावर १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारीला करार चालू असलेल्या लायसन्सदारांना भाडेकरू केलं. तेव्हापासून प्रत्येक दाव्यात प्रश्न एकच: त्या दिवशी तुम्ही तिथे होता का? रेशन कार्ड, बेस्टचं वीजबिल, दुकानाचं गुमास्ता लायसन्स, जे सापडेल ते पुढे यायचं. माझ्या एका अशिलाचं कटलरीचं दुकान वाचलं ते गुमास्त्याच्या एका जुन्या नूतनीकरणामुळे. आरशामागे भेग झाकायला चिकटवलेला कागद होता तो.

इकडे इमारती खचत होत्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. त्यात 'अ' वर्गाची हद्द पुन्हा तीच, १ सप्टेंबर १९४०. पुढे अशा इमारती पाडून नव्या बांधायच्या योजनेत भाडेकरूंना मालकीचं घर मिळू लागलं, तेव्हा १३ जून १९९६ ही रेघ आली. त्यानंतर निर्माण केलेली भाडेदारी मोजायची नाही.

१९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली. एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या आणि बँका संरक्षणातून वगळल्या, छोटा दुकानदार आत राहिला. आणि कलम ५६ने पागडी कायदेशीर केली. वडिलांच्या टेबलाची किंमत आता उघडपणे लिहिता आली असती.

या इतिहासाला कुणी 'गरीब भाडेकरूची ढाल' म्हणतात, कुणी 'मालकांची लूट' म्हणतात. माझ्या टेबलावर जे आलं ते वेगळं आहे. दर तारखेने नियम मोडणाऱ्यालाच संरक्षण दिलं, अट एवढीच की त्याच्याकडे कागद हवा. ज्याने पागडी न घेता मालकाच्या हातात किल्ली दिली, त्याला काही मिळालं नाही. ज्या मावशीने कधी पागडी मागितली नाही, तिलाही नाही.

नव्या कायद्याचं कलम ५५ मात्र उलट्या टोकाने सुरू होतं. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर. तरीही गाळा देणारे-घेणारे येतात आणि विचारतात, "बाई, सध्या तोंडी ठरवू, कागद मग करू, चालेल ना?" मी नाही म्हणते. सहावी तारीख कधी ठरेल आणि ती तुमच्या बाजूची असेल की नाही, हे कुठलाच वकील सांगू शकत नाही. नोंदणीची फी भरून या, मग बोलू.