नो डिस्प्ले (संगणक)

नवा डेस्कटॉप संगणक सुरू केल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, परंतु मॉनिटर काळाच राहतो. या बिघाडास दुरुस्तीच्या व्यवसायात 'नो डिस्प्ले' म्हणतात. नव्या संगणकात त्याचे कारण पुष्कळदा नुसत्या जोडणीत असते.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लावावी. इंटेलच्या 'आय५-१२४००एफ' यासारख्या, नावाअखेर 'एफ' असलेल्या प्रोसेसरांत ग्राफिक्सचा भाग नसतोच. तेथे मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टमधून चित्र येण्याची आशा व्यर्थ होय. प्रोसेसरला वीज देणारी ४ किंवा ८ पिनांची वेगळी जोडणी राहून गेली, तरीही पंखे मात्र फिरतात.

नाशिक वा मालेगावहून बागलाण तालुक्यातील नामपूरसारख्या गावी आणलेल्या संगणकात वाटेतील हादऱ्यांनी रॅम सैल होऊ शकते. दुकानाकडे परत धाडण्यापूर्वी वीज तोडून ती काढावी व खटका बसेपर्यंत दाबून पुन्हा लावावी. दोन असल्यास एकेक लावून पाहावी. डीडीआर५ रॅमच्या पहिल्या जुळवणीस काही मिनिटेही लागतात; तेवढा धीर धरावा.

सुरू होताच संगणक 'पोस्ट' ही स्वतःची तपासणी करतो. तीत आढळलेला दोष आवाजाच्या खुणांनी कळविण्याची सोय १९८१ च्या आयबीएम पीसीतही होती. अलीकडच्या अनेक मदरबोर्डांवर त्यासाठी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए असे दिवे असतात. जो पेटून राहतो, तेथून शोध आरंभावा.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरांत धोकादायक विद्युतभार राहू शकतो.